गोधडीचा कापलेला कोपरा

मी अजून चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. गोळ्या बंद होऊन पाच महिने झाले, शेवटचे रिपोर्ट स्वच्छ आले, गेलेलं वजन परत भरलं, तरी चीड गेलेली नाही. लोक म्हणतात, "आता बरी झालीस ना, सोडून दे." नाही सोडत. मला टीबी झाला होता. त्याने मला जेवढं आडवं पाडलं, त्याहून जास्त माणसांनी पाडलं. तुमच्या हातात नुकताच असा रिपोर्टचा कागद पडला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी फक्त काय काय झालं ते सांगते.

माझं नाव सुरेखा, वय चव्वेचाळीस. मूळची मी लातूरकडची. लग्न झालं आणि इकडे पिंपरीकडे आले. मिस्टर भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. मुलगी पूजा, तेव्हा बारावीला होती. रहाटणीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे.

शनिवार दुपार

आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी गोधडी मंडळ भरायचं. आम्ही अकरा जणी. शैलाताईंनी ते सुरू केलं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांचे नियम दोनच होते. नवीन कापड आणायचं नाही आणि शिलाई मशीन लावायची नाही. घरात जे फाटलंय, विटलंय, तेच आणायचं. सतरंजी अंथरायची, तिच्यावर जुन्या साड्यांचे थर लावायचे, सुरकुती राहू नये म्हणून तळहाताने दाबत जायचं आणि मग चारी बाजूंनी बसून कडेपासून आत शिवत यायचं.

एकीने वारलेल्या वडिलांच्या शर्टांची गोधडी केली होती. ती शिवताना रडायची आणि आम्ही तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचो. एकीने मुलीच्या बालवाडीपासूनच्या सगळ्या गणवेशांची केली. मी मिस्टरांच्या कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मची करत होते. दरवर्षी दोन मिळतात, ऑइलचे डाग जात नाहीत, फेकायला हात होत नाही. मी त्यांचे खिसे तसेच ठेवले होते. बायका हसायच्या, "सुरेखा, थंडीत हात घालायला सोय केली गं!"

आमच्यात सगळ्यात चांगला हात पारूमावशींचा. त्या रहाटणी गावठाणातल्या, जुन्या घराण्यातल्या, पासष्टीच्या पुढच्या. त्यांचे टाके पट्टी ठेवून मारल्यासारखे यायचे. मी पहिल्या दिवशी सुई धरली तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "दाबू नगं पोरी. कापड काय पळून जात न्हाई."

त्या वर्षी मंडळाची एक मोठी गोधडी चालली होती. प्रत्येकीने आपल्या आईच्या साडीचा एक तुकडा आणायचा, आणि ते सगळे तुकडे मिळून वरचा थर. दिवाळीनंतर प्रदर्शनात मांडायची होती. माझ्याकडे एक कोपरा आला. आई जाऊन सहा वर्षं झालीत. तिची वांगी रंगाची इरकल मी कधी नेसले नव्हते, कापायला तर धीरच होत नव्हता. पण कापली. तो कोपरा पुरा करायला मला चार शनिवार लागले.

खोकला

पावसाळ्यात खोकला सुरू झाला. पंधरा दिवस मी लक्षच दिलं नाही. मग जवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय करता?" मी म्हटलं, गोधड्या शिवते. त्यांना तेवढंच पुरलं.

"जुन्या कपड्यांची धूळ. ॲलर्जी आहे. बंद करा ते."

खोकल्याची बाटली दिली. ती संपली, दुसरी दिली. ती संपली, तिसरी दिली. छातीला नळी लावायलासुद्धा तिसऱ्या वेळी उठले. मी सांगत होते, संध्याकाळी अंग तापतं, घामाने गाऊन भिजतो, भूक मेली आहे. ते म्हणाले, "या वयात बायकांना असं होतं." मला आज विचाराल तर त्या माणसाच्या टेबलासमोर परत जाऊन त्या तिन्ही रिकाम्या बाटल्या ठेवाव्या असं वाटतं. तीन महिने गेले माझे. आणि त्या तीन महिन्यांत मी दर शनिवारी दहा बायकांमध्ये मांडीला मांडी लावून बसत होते.

मी बारीक होत गेले. मंडळात कौतुक झालं. "काय गं, डाएट सांग ना!" मीही हसले. एवढं वजन आपोआप उतरतंय याची मला भीती वाटायला हवी होती, पण ब्लाउज सैल झाले याचाच आनंद. स्वतःवरही राग आहे माझा, तो लपवत नाही.

एका सकाळी बेसिनमध्ये खोकले आणि लाल धागा दिसला. पूजा दात घासायला मागे उभी होती. तिने पाहिलं. तिने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, आज तू दुसऱ्या डॉक्टरकडे जातेस. मी कॉलेजला जाणार नाही, तू गेल्याशिवाय."

मिस्टरांना आत पाठवा

छातीचे डॉक्टर पिंपरीला होते. एक्स-रे झाला, बेडका तपासायला दिला. दोन दिवसांनी रिपोर्टसाठी मी आणि मिस्टर गेलो. नाव पुकारलं. मी उठले तर आतली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा. मिस्टरांना आत पाठवा."

मी बसले. अजून कळत नाही मी का बसले. फुप्फुस माझं, खोकला माझा, आणि मी बाहेर बाकड्यावर.

मिस्टर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा होता. फाइल काखेत दाबलेली. "चल," एवढंच म्हणाले. रिक्षात मी विचारलं, "काय निघालं?" ते रस्त्याकडे बघत राहिले. "अहो, काय निघालं?"

"घरी जाऊन बोलू."

"कॅन्सर आहे का?"

"नाही गं."

"मग?"

रिक्षावाल्याकडे डोळ्यांनी खूण केली. म्हणजे रिक्षावाल्याला कळू नये. ज्याला मी आयुष्यात परत दिसणार नव्हते, त्याच्यापासून लपवायचं होतं आणि त्यासाठी मला सांगायचं नव्हतं. मी रिक्षा थांबवली. उतरले आणि उलट चालायला लागले. धाप लागत होती, मिस्टर मागून हाका मारत होते. तशीच दवाखान्यात शिरले, त्या मुलीला ओलांडून आत गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, "पेशंट मी आहे. काय झालंय ते मला सांगा."

डॉक्टर जरा दचकले, मग खुर्ची दाखवली. नीट सांगितलं त्यांनी. टीबी आहे, फुप्फुसाचा, बेडक्यात जंतू आहेत, पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, एक दिवसही चुकवायचं नाही. पाच मिनिटं लागली त्यांना. ही पाच मिनिटं आधी मला द्यायला काय हरकत होती?

तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच. रिपोर्ट घ्यायला स्वतः आत जा.

वेगळं ताट

घरी आल्यावर मिस्टरांनी माझं ताट, पेला आणि वाटी मांडणीतून काढून खिडकीत ठेवली. संध्याकाळी नणंदेचा फोन. "वहिनी, टीबी म्हणू नका कुणाला. न्यूमोनिया म्हणा. उद्या पूजाचं बघायचं आहे."

पूजा सतरा वर्षांची होती आणि तिच्या परीक्षेचं कुणाला पडलं नव्हतं. लग्नाचं पडलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या कल्पना सिस्टर मात्र वेगळ्याच. खणखणीत आवाज, समोरच्याला ओशाळायला वेळच द्यायच्या नाहीत. त्यांनी मिस्टरांना आणि पूजाला तपासणीला बोलावलं. दोघांचे एक्स-रे चांगले आले. मिस्टरांना समोर बसवून म्हणाल्या, "काका, ताट वेगळं केलंय का? केलंय, चेहऱ्यावर दिसतंय. टीबी भांड्यातून होत नाही, कपड्यातून होत नाही. खोकल्याच्या हवेतून होतो. खिडक्या उघडा, मॅडमना काही दिवस मास्क लावू द्या, वेगळ्या खोलीत झोपू द्या. आणि ताट परत जागेवर ठेवा."

त्यांनी ठेवलं. पण मी ते विसरले नाही. ते अजून कधी कधी म्हणतात, "घाबरलो होतो गं." मला कळतं. मीही घाबरले होते. मला कुणी खिडकी दिली नव्हती माझी भीती ठेवायला.

सिस्टरांनी विचारलं, "आणखी कुणाबरोबर तासन् तास एका खोलीत बसता?" मी मंडळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना कळवा. ज्यांना दोन आठवड्यांच्या वर खोकला, ताप, वजन उतरणं असेल, त्यांनी इथे यावं. लपवू नका, त्यांच्याच भल्याचं आहे."

मिस्टर नको म्हणाले. नणंद तर नकोच म्हणाली. मी तरी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं. शब्द माझ्या अजून लक्षात आहेत. "मैत्रिणींनो, मला टीबी झाल्याचं निघालं आहे. उपचार सुरू केले. आपण जवळ बसायचो म्हणून सांगते, कुणाला बरेच दिवस खोकला किंवा ताप असेल तर तपासून घ्या. मोफत आहे. मी बरी झाल्यावरच येईन."

निळ्या खुणा दिसल्या. सगळ्यांनी वाचलं. कुणी काही लिहिलं नाही. चहा करून आले, तेवढ्यात मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी वॉचमनने बेल वाजवली. दारापासून चार हात लांब उभा राहून म्हणाला, "मॅडम, हे शैलाताईंनी दिलंय." कचऱ्याची काळी पिशवी. आत माझी युनिफॉर्मची अर्धी गोधडी, माझी कात्री आणि बोटात घालायचं अंगुस्तान. चिठ्ठी नाही. दुसऱ्या मजल्यावरून चौथ्या मजल्यावर यायला लिफ्ट आहे आमच्याकडे.

वॉर्ड

पहिला महिना गोळ्यांशी झगडण्यात गेला. लघवी नारिंगी झाली, मी घाबरले, सिस्टर फोनवर हसल्या, "होणारच, औषधाचा रंग आहे." सांधे दुखायचे. सुई धरायला घेतली तर बोटं मिटत नव्हती. आणि मग डोळे पिवळे झाले. औषधाने यकृताला त्रास झाला होता. अकरा दिवस सरकारी रुग्णालयात काढले.

तिथलं वेळापत्रक मला अजून पाठ आहे. साडेपाचला झाडूवाली, सहाला थर्मामीटर, साडेसातला चहा आणि पाव, दहाला मोठे डॉक्टर. गोळ्या बंद केल्या होत्या. मग रक्त तपासत तपासत एकेक परत सुरू केली. प्रत्येक वेळी वाटायचं, ही तरी सोसू दे.

शेजारच्या कॉटवर एक बाई होती, भोसरीच्याच एका कारखान्यात पॅकिंगला. ती दुसऱ्यांदा टीबी होऊन आली होती. पहिल्या वेळी तीन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या. "सुपरवायझरला कळलं असतं ना ताई, रोज रोज दवाखाना म्हटल्यावर. काढलं असतं कामावरून." आता दुप्पट त्रास सोसत होती. एवढं असून रोज सकाळी माझी वेणी घालायची. म्हणायची, "पिवळ्या डोळ्यांची बाई विंचरलेली तरी दिसू दे." मला त्या महिन्यात प्रेमाने हात लावलेलं दुसरं माणूस आठवत नाही. ती वेणी घालायची आणि मी तिच्या सुपरवायझरला मनात शिव्या द्यायचे. लाज कुणाला वाटायला हवी आणि वाटत कुणाला होती!

फोटो

दिवाळीनंतर मी घरी होते. बेडक्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. म्हणजे आता माझ्यापासून कुणाला लागण होणार नव्हती, आणि हे कुणाला सांगायला जावं असं एकही दार मला माहीत नव्हतं.

एका दुपारी पूजा माझ्याजवळ येऊन बसली. फोन हातात, पण दाखवत नव्हती.

"आई, चिडू नकोस."

"दाखव."

मंडळातल्या एकीने प्रदर्शनाचे फोटो स्टेटसला टाकले होते. मोठी गोधडी भिंतीवर टांगलेली, समोर दहा जणी पैठण्या नेसून. मी बोटांनी फोटो मोठा केला. डाव्या हाताचा खालचा कोपरा हिरवा होता. नवं कोरं छापील कापड. त्याच्यावर टाकेसुद्धा घाईने मारलेले, तिरपे.

माझ्या आईची साडी कापून काढली होती.

गोधडीतून तुकडा उसवून काढणं सोपं नसतं. सगळे थर एकत्र शिवलेले असतात. तो कोपरा उसवलेला नव्हता. थरांसकट कात्रीने कापला होता. मी फोन भिंतीवर फेकला असता, पण तो पूजाचा होता.

मी मास्क लावला, चपला घातल्या आणि थेट गावठाणात पारूमावशींकडे गेले. का, तर मला वाटलं त्या एकट्या तरी खरं सांगतील.

मावशी अंगणात बसल्या होत्या. मांडीवर नात, दीड-दोन महिन्यांची. सून रेश्मा आतून डोकावली आणि "या काकू" म्हणाली. मावशींनी वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"मावशी, कोपरा कुणी कापला?"

"शैलाबाईनं."

"तुम्ही होतात?"

"व्हय. व्हते की." त्यांनी बाळाचं टोपडं सारखं केलं. "माझ्या देखत कापला. म्या गप बसले."

मला वाटलं होतं मी ओरडेन. ओरडले नाही. ज्या बाईने माझ्या हातात सुई नीट बसवली होती, ती गप बसली होती. आणि तेवढ्यात मावशी पदर तोंडाला लावून खोकल्या. एकदा, दोनदा, मग थांबेचना. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. तो खोकला मला ओळखीचा होता. चार महिने तो माझ्याच छातीत राहिला होता.

"किती दिवस झाले?"

"काय न्हाई. थंडीचा हाय."

रेश्मा दारातून म्हणाली, "थंडीचा कसला! गणपतीपासून खोकतायत. जेवत नाहीत. मी म्हटलं दवाखान्यात चला, तर माझ्यावरच डाफरतात."

"माझा मेसेज वाचला होता ना मावशी?"

"सुनेनं वाचून दावला," म्हणाल्या. मग अगदी हळू, "तुझं काय केलं त्यांनी, बघितलं न्हाई का म्या? तुला ग्रुपातनं काढलं. पिशवीत घालून सामान धाडलं. मग म्या कशी सांगू? आन् तुझ्या वक्ताला गप बसले ती म्या, कंच्या तोंडानं तुझ्याकडं येऊ?"

आता मात्र मी ओरडले. "मावशी, मांडीवर बाळ आहे तुमच्या!"

बाळ दचकून रडायला लागलं. रेश्माने धावत येऊन तिला उचललं. मावशी रिकाम्या मांडीकडे बघत राहिल्या. पासष्टीच्या पुढची बाई, पोरीसारखी पदर पिळत होती. मला त्यांची दया आली आणि तरी राग उतरला नाही. दोन्ही एकदम येतं माणसाला, हे मला त्या अंगणात कळलं.

"उद्या सकाळी आठला येते. रिक्षा घेऊन. तयार राहा."

"लोकं बघत्याल."

"बघू दे."

मावशींना टीबीच निघाला. मला त्यांच्यापासून झाला की त्यांना माझ्यापासून, हे कुणाला सांगता येणार नाही. रेश्माने एकदा विचारलं, मग तिनेच तो विषय सोडला. कल्पना सिस्टरांनी बाळाला तपासलं. तिला आजार नव्हता. खबरदारीचं औषध सुरू केलं. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी रडले, आजारात पहिल्यांदाच. आणखी महिनाभर मावशी गप्प राहिल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला समोर दिसत होतं. त्यांना गप्प कुणी केलं होतं, तेही.

हॉल

मावशींचा बेडका स्वच्छ येईपर्यंत मी थांबले. संक्रांत झाल्यावरच्या शनिवारी, दुपारी तीनला, मी हॉलमध्ये गेले. कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त मावशींना जाता जाता फोन केला होता, की मी आज जाणार आहे.

सतरंजीवर नवी गोधडी अंथरलेली होती. मला बघून सुया थांबल्या. एकीने नकळत पदर नाकाला लावला.

शैलाताई उठल्या. "अगं सुरेखा! बरी दिसतेस. मी येणारच होते भेटायला."

"माझा कोपरा कुठे आहे?"

"बस तरी."

"ताई, माझ्या आईची साडी कुठे आहे?"

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "हे बघ, तू समजून घे. सगळ्यांच्या घरी लहान मुलं, म्हातारी माणसं. कमिटीकडे तक्रार गेली असती तर हॉल बंद झाला असता. मी सगळ्यांचा विचार केला."

"साडी?"

"घंटागाडीत दिली."

मग बोलले ते सगळं एका दमात. "टीबी कापडातून होत नाही ताई. तुम्ही शाळेत शिकवत होतात, विचारायचं तरी कुणाला. मी तीन महिने तुमच्यात बसले, खोकले, तुमच्या डब्यातलं खाल्लं, तुमच्या तोंडासमोर हसले. त्याची भीती वाटायला हवी होती. ती वाटली असती तर तुम्ही तपासायला गेला असता. मी कळवलं ते त्यासाठीच कळवलं. किती जणी गेलात?"

कुणी वर बघेना.

"एकही नाही. कोपरा कापलात. छाती कुणी तपासली नाही."

"आवाज खाली कर," शैलाताई म्हणाल्या. "आपण शांतपणे बोलू."

"ती काय शांत बोलंल?" दारातून आवाज आला.

पारूमावशी उभ्या होत्या. गावठाणातून चालत आल्या होत्या, धाप लागली होती. दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या, "मलाबी हाय टीबी. दोन महिनं गोळ्या खातीया. आता लागायची न्हाई कुणाला, डाक्टरनं लिवून दिलंय. पर तुमी काय ऐकणार न्हाई. तर कापा, माझाबी तुकडा कापा त्या मोठ्या गोधडीतनं. मधोमध हाय माझा. घ्या कात्री, कापा की!"

शैलाताईंचा चेहरा मी तेव्हा नीट पाहिला. मला तिथे पश्चात्ताप हवा होता. दिसली ती फक्त चारचौघांत सापडल्याची लाज. मला ती पुरेशी नव्हती, आजही नाही.

मावशी माझ्याकडे वळल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोरी, त्या दिशी म्या गप बसले. माझं चुकलं." त्या एका वाक्यासाठी त्या चालत आल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात मंडळातल्या तिघी कल्पना सिस्टरांकडे जाऊन आल्या. तिघींना काही निघालं नाही. त्यातल्या एकीने मला फोन केला, रडली, माफी मागितली. ती वडिलांच्या शर्टांची गोधडी करणारी. तिला मी माफ केलं. शैलाताईंनी मला परत ग्रुपमध्ये घातलं आणि खाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. मी बाहेर पडले. जिन्यात भेटल्या की त्या हसतात. मी हसत नाही. माझ्या मिस्टरांना ते बरोबर वाटत नाही. "एकाच इमारतीत राहायचंय," म्हणतात. राहते की. हसायचं बंधन नाही.

तुम्ही आजारी असाल तर तुम्हाला सगळे सांगतील की मन शांत ठेवा, राग तब्येतीला वाईट. मी एवढंच सांगेन की रागानेच मी त्या रिक्षातून उतरले. रागानेच मी मावशींच्या अंगणात गेले. स्वतःहून गोळ्या एकही दिवस चुकवल्या नाहीत, त्यातही थोडा राग होताच, की या लोकांना मी मेलेली दिसायची नाही. ज्याला शांतपणाने जमतं त्याने शांतपणाने बरं व्हावं. मला नाही जमलं.

उन्हाळ्यात माझ्या गोळ्या संपल्या, मावशींच्या त्यानंतर. आता शनिवारी दुपारी मी गावठाणात त्यांच्याकडे जाते. ती शर्टांच्या गोधडीवाली येते, कधी आणखी एखादी येते. ओसरीवर बसतो. मावशींची बोटं औषधाने अजून आखडतात, टाके पूर्वीसारखे येत नाहीत, त्या स्वतःवरच चिडतात.

मागच्या शनिवारी मी जरा लवकर पोचले. मावशी आत पडल्या होत्या. रेश्मा कडेवर पोर घेऊन दारात आली. तेवढ्यात आत गॅसवर दूध वर आल्याचा आवाज झाला. "काकू, हिला धरा हो," असं म्हणून तिने पोर माझ्या हातात दिलं आणि पळाली. तिने विचार केला नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्ष होऊन गेलं होतं, कुणी आपलं मूल माझ्याकडे दिलं नव्हतं. नातेवाइकांच्या बारशाला गेले तरी पाळण्यापासून मला हळूच बाजूला घेत.

पोरीने माझ्या तोंडाकडे बघितलं, माझं नाक धरलं, आणि माझ्या साडीवर शू केली.

आतून रेश्मा ओरडली, "काकू, रडतेय का?"

"नाही गं," मी म्हटलं, "तुझं सावकाश चालू दे."